पोरांच्या मैत्रीचा नकाशा मंजूर करण्याआधी त्यातली चूक मागा

प्रति,
मराठवाड्यातील विद्यापीठं आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या नीतिमत्ता समित्यांचे सदस्य,
संशोधन मार्गदर्शक,
तसेच आठही जिल्ह्यांचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक)

विषय: किशोरवयीन मुलांच्या व्यसनांच्या अभ्यासात मैत्रीच्या जाळ्याची माहिती कितपत भरवशाची धरावी

स. न. वि. वि.

वर्गातल्या मैत्रीचं जाळं काढून व्यसनाचा अभ्यास करायचा, असा प्रस्ताव समोर आला की तो चटकन आवडतो. चित्र देखणं असतं. चाळीस मुलांचे चाळीस ठिपके, कोण कुणाला मित्र मानतं ते दाखवणारे बाण, तंबाखू खाणारे ठिपके लाल. बघणाऱ्याला वाटतं, कुणापासून कुणाकडे गेलं ते आता कळलं. आमचं म्हणणं एवढंच की त्यातला बाण किती भरवशाचा आणि रंग किती भरवशाचा, याचे आकडे सोबत नसतील तर ते चित्र मंजूर करू नये, छापू देऊ नये आणि त्यावरून शाळेत कुठलीही कारवाई तर मुळीच होऊ देऊ नये. हे आकडे काढता येतात. कसे, ते लिहितो.

या अभ्यासात दोन प्रकारची माहिती गोळा होते. कोण कुणाला मित्र मानतं ही एक, आणि कोण काय घेतं ही दुसरी. दोन्ही मुलांकडूनच येतात आणि दोन्हींत चूक असते. साध्या सर्वेक्षणात ती बऱ्याचदा झाकली जाते. समजा, चाळीस मुलांच्या वर्गात सहा जण खरोखर तंबाखू खातात. त्यातले दोघं लपवतात, आणि न खाणाऱ्यांपैकी दोघं गंमत म्हणून 'होय'वर खूण करतात. एकूण आकडा पुन्हा सहाच येतो. टक्केवारी बरोबर निघते, अहवाल बिनबोभाट पास होतो. जाळ्यात मात्र चार ठिपक्यांचा रंग चुकला, आणि त्या चौघांना लागलेला प्रत्येक बाण चुकीच्या रकान्यात गेला.

खाणाऱ्या दोघांमधली मैत्री दिसायची तर दोघांनीही खरं सांगावं लागतं. तिघांतले दोघं खरं सांगत असतील, तर अशी जोडी दिसण्याची शक्यता दोन-तृतीयांश गुणिले दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे ४४ टक्के. ज्या जोड्यांसाठी अभ्यास मांडला त्यातल्या निम्म्याहून जास्त गायब. हिशेब करताना प्रत्येक जण आपापल्या मनाने लपवतो असं धरलं आहे. प्रत्यक्षात एका बाकावरचे तिघं डोळ्यांनी खुणावून एकच उत्तर देतात, मग चूक एकेकटी न येता टोळीने येते आणि 'या गटात व्यसन नाही' असं ठामपणे दिसतं.

सगळ्यात मोठा घोळ मात्र दुसऱ्याबद्दल विचारण्यातून होतो. 'तुझ्या जवळच्या पाच मित्रांपैकी किती जण गुटखा खातात?' हा प्रश्न सोपा आहे, स्वस्त आहे, एका रकान्यात मावतो, म्हणून तो प्रश्नावल्यांमधून हटत नाही. जो स्वतः खातो त्याला मित्रही खातात असं वाटतं, निदान तसं म्हणणं त्याला सोयीचं असतं. जो खात नाही त्याला मित्राच्या खिशातली पुडी ठाऊकच नसते. मग एकाच मुलाची दोन उत्तरं एकमेकांशी जुळतात आणि त्या जुळण्याला 'संगतीचा परिणाम' म्हणून प्रबंध पूर्ण होतो. बाउमन आणि एनेट या अभ्यासकांनी १९९६ मध्येच दाखवलं होतं की या पद्धतीने संगतीचा परिणाम फुगून दिसतो. मुलाच्या अंदाजाऐवजी मित्राचं स्वतःचं उत्तर घेतलं की तो कमी होतो, आणि उरलेल्यातही मोठा वाटा निवडीचा असतो, कारण सारख्या सवयीची मुलं एकमेकांना शोधतात.

आपल्याकडे तिसरं कारणही आहे. दोघांची घरं एकाच गल्लीत, दोघांचे आजोबा त्यांनाच पुडी आणायला पिटाळतात, दोघांची शाळेची वाट एकाच टपरीवरून जाते. दोघंही खातात, पण कुणी कुणाला लावलेलं नसतं आणि त्यासाठी कुणी कुणाला निवडलेलंही नसतं. एका वेळच्या सर्वेक्षणातून ही तीन कारणं वेगळी काढता येत नाहीत. किमान दोन, खरं तर तीन फेऱ्या लागतात. तेव्हा एकाच फेरीवर 'संगतीमुळे व्यसन लागते' असं शीर्षक असलेला प्रस्ताव आला, तर शीर्षकच परत पाठवावं.

आता मित्र विचारायचे कसे. अमेरिकेत १९९४-९५ मध्ये सुरू झालेल्या 'ॲड हेल्थ' या मोठ्या शालेय अभ्यासात प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच मुलगे आणि पाच मुली अशी नावं द्यायला सांगितली होती. तेव्हापासून पाच हा आकडा जणू शास्त्रात लिहिलेला असल्यासारखा सगळीकडे उचलला जातो. पाचाच्या मर्यादेने दोन गोष्टी बिघडतात. ज्याचा सहावा मित्र त्याला पहिला मानतो, ती दुतर्फी मैत्री कागदावर एकतर्फी होते. आणि ज्याला दोनच मित्र आहेत तो उरलेल्या तीन रेघा कुणाच्या तरी नावाने भरतो, कारण शाळेत रिकामी जागा सोडली की गुण जातात हे त्याला पहिलीपासून शिकवलेलं असतं. सूचना अशी हवी: 'जितके आहेत तितकेच लिही, कुणीच नसेल तर आडवी रेघ मार.' कागदावर दहा ओळी द्याव्यात. किती मुलांनी शेवटची ओळही भरली ते मोजावं. पाचातल्या एकाने भरली असेल तर आमच्या मते मर्यादा आखूड पडली आहे.

वर्गाची यादी देऊन खुणा करायला सांगणं चांगलं, कारण आठवणीतून लिहिताना जवळचेच सुटतात. पण हजेरीपटाच्या क्रमाने यादी देऊ नये. पुष्कळ शाळांत आधी मुलगे, मग मुली असा पट असतो. साठ नावांची यादी वाचता वाचता तिसाव्या नावानंतर हात थकतो आणि शेवटच्या नावांना खुणा कमी पडतात. यादीचे चार वेगळे क्रम छापून आळीपाळीने वाटावेत. खेड्यातल्या शाळेत मुलगी मुलाचं नाव मित्र म्हणून लिहिणार नाही, मुलगाही कचरेल. तिथे 'मित्र' न विचारता कृती विचारावी: मधल्या सुट्टीत कुणासोबत असतोस, शाळेतून कुणासोबत जातोस, पैसे कमी पडले तर कुणाकडे मागतोस. 'बहुतेक दिवशी' हा शब्द प्रश्नात हवाच. बर्नार्ड, किलवर्थ आणि सेलर यांनी लोकांनी सांगितलेले संपर्क प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा सांगितलेल्यातलं जवळपास निम्मं चुकीचं निघालं. पुढे १९८७ मध्ये फ्रीमन आणि रॉम्नी यांनी दाखवलं की या चुकीला दिशा असते. माणसाला एखादा दिवस नीट आठवत नाही, नेहमीचं आठवतं. म्हणून नेहमीचंच विचारावं.

नावं जुळवण्याचं काम कंटाळवाणं म्हणून शेवटी कुणातरी नवख्यावर ढकललं जातं, आणि जाळं इथेच फाटतं. एका वर्गात दोन ओंकार, तीन वैष्णवी आणि निम्म्या वर्गाचं आडनाव एकच. शिवाय पिंट्या, सोन्या, बाळू. यादीवर हजेरी क्रमांकाऐवजी अभ्यासापुरता तीन अंकी सांकेतिक क्रमांक असावा आणि मुलांनी नावापुढे तो लिहावा. दोन माणसांनी स्वतंत्रपणे नोंद करून दोन्ही फाइली ताडाव्यात. जे नाव कुणाचं ते ठरत नाही, ते अंदाजाने कुणाला चिकटवू नये. अशा नावांचं प्रमाण अहवालात छापावं. आणि एक अगदी साधी गोष्ट, जिच्यामुळे चांगले अभ्यास वाया जातात: एक्सेलमध्ये रिकामा चौकोन म्हणजे शून्य नव्हे. गैरहजर मुलाने कुणाला मित्र म्हटलं नाही, याचा अर्थ त्याला मित्र नाहीत असा होत नाही. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांना वेगळे अंक द्यावेत.

भरवसा मोजायचा म्हणजे तोच प्रश्न त्याच मुलांना पुन्हा विचारायचा. अंतर दहा ते चौदा दिवस. त्याहून कमी ठेवलं तर मागचं उत्तर आठवून लिहितात. जास्त ठेवलं तर मैत्रीच बदललेली असते. मध्ये दिवाळीची सुट्टी येऊ देऊ नये. समजा, चाळीस जणांच्या वर्गात पहिल्या वेळी १५० बाण आले, दुसऱ्या वेळी १४०, आणि दोन्हींत असलेले १००. संशोधक काय लिहील? कोण कुणाला मित्र म्हणू शकतं अशा प्रत्येक शक्यतेचा एक चौकोन धरला, तर एकूण चौकोन ४० गुणिले ३९, म्हणजे १,५६०. फरक पडला ९० चौकोनांत. जुळणी ९४ टक्के, उत्तम! पण यातले बहुसंख्य चौकोन 'मित्र नाही' असे आहेत आणि ते दोन्ही वेळी आपोआप जुळणारच. योगायोगाने जुळणारा भाग वजा करणारा कप्पा गुणांक काढला तर तो ०.६६ येतो. आणि एकदा तरी नाव आलेल्या १९० बाणांपैकी दोन्ही वेळी किती टिकले, म्हणजे जॅकार्ड निर्देशांक पाहिला, तर १०० भागिले १९०, ०.५३. तीच मुलं, तेच कागद, आणि आकडे तीन. ९४ टक्के हा आकडा एकटा छापलेला दिसला की मार्गदर्शकांनी उरलेले दोन मागावेत.

हा ०.५३ पुढेही लागतो. सहा महिन्यांनी दुसरी मोठी फेरी झाली आणि जॅकार्ड ०.४५ आला, तर संशोधक म्हणणार की मैत्री बरीच बदलली आणि त्या बदलातून तो व्यसनाचा प्रवास वाचायला बसणार. पण दोन आठवड्यांत, काही घडलेलं नसताना, ०.५३च येत असेल, तर सहा महिन्यांतल्या 'बदला'चा बराचसा भाग नुसता लिहिण्यातला गोंधळ आहे. खरा बदल आणि चूक वेगळी करायला जवळजवळच्या तीन नोंदी असाव्यात. पहिल्या वेळी आहे, दुसऱ्या वेळी नाही, तिसऱ्या वेळी पुन्हा आहे, अशी मैत्री तुटून जुळलेली नसून मध्ये लिहायची राहिलेली असण्याची शक्यता जास्त. सगळ्या शाळांत हे करणं परवडत नसेल तर दहातल्या दोन वर्गांत करावं, पण करावं.

गैरहजेरीचं गणित जाळ्यात वेगळं चालतं. चाळीसपैकी आठ गैरहजर, म्हणजे २० टक्के माहिती गेली असं वाटतं. जोड्या मात्र ७८० असतात. त्यातल्या ४९६ जोड्यांतच दोन्हीकडचं उत्तर मिळतं. २५६ जोड्यांत एकाच बाजूचं मिळतं, आणि २८ जोड्यांबद्दल काहीच नाही. म्हणजे मैत्री दुतर्फी आहे का, हे फक्त ६४ टक्के जोड्यांत तपासता येतं. आणि ती आठ मुलं चिठ्ठ्या टाकून गैरहजर राहिलेली नसतात. शाळा बुडवणारं मूल आणि पुडी खाणारं मूल बऱ्याचदा एकच असतं.

बीड, जालना, धाराशिव, परभणी या भागांत त्यात ऊसतोड येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. काही मुलं आईबापांबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहतात. जी मागे राहतात त्यांच्या मैत्रीची घडी त्या काळात पूर्ण वेगळी असते. जानेवारीत काढलेलं जाळं आणि ऑगस्टमध्ये काढलेलं जाळं ही एकाच वर्गाची दोन भिन्न चित्रं आहेत. यांची तुलना करून 'बदल' शोधणं निरर्थक. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, नव्या तुकड्यांना स्थिरावायला महिना-दीड महिना जातो, म्हणून फेरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्यावी आणि पुढची फेरी पुढच्या वर्षी त्याच महिन्यांत. सणाचे दिवस टाळावेत. गैरहजर मुलांसाठी त्याच आठवड्यात दोनदा परत जावं. तरीही वर्गाची हजेरी ८० टक्क्यांपर्यंत पोचली नाही तर त्या वर्गाचं जाळं काढू नये, नुसती व्यसनाची टक्केवारी द्यावी.

वर्ग ही मुलांच्या मैत्रीची हद्द असते, हे गृहीतकही तपासावं लागतं. लातूरमध्ये शिकवणीसाठी आलेला अकरावीचा मुलगा कॉलेजच्या पटावर नावापुरता असतो. त्याचे मित्र खोलीवर, मेसमध्ये, क्लासच्या बॅचमध्ये. खेड्यात उलट चुलत-मावस भावंडं असतात, ज्यांना मूल 'मित्र' म्हणून लिहीतच नाही. मोटारसायकलच्या गॅरेजात काम करणारा, शाळा सोडलेला मोठा पोरगा तर कुठल्याच पटावर नसतो, आणि हुंगायचं व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्युशन बहुधा त्याच्याच ओळखीने येतं. उपाय असा: यादीनंतर एक चौकट द्यावी, 'शाळेबाहेरचे, ज्यांच्यासोबत बहुतेक दिवशी असतोस असे किती?' नाव नको. फक्त नातं, अंदाजे वय, आणि तो शिकतो की कामाला जातो. निम्मे सोबती बाहेरचे निघाले तर हाती असलेलं चित्र अर्धंच आहे, हे छापावं.

आता रंगाकडे, म्हणजे व्यसनाच्या उत्तरांकडे. 'तंबाखूचे सेवन करतोस का?' या प्रश्नाला गुटखा खाणारा मुलगा मनापासून 'नाही' म्हणतो. गुटखा, मावा, खर्रा, तंबाखू-चुना, मिसरी, बिडी, सिगारेट, नुसती सुपारी, हे सगळं वेगवेगळं विचारावं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, त्यामुळे पानमसाला आणि तंबाखू अशा दोन पुड्या शेजारी शेजारी विकल्या जातात. मिसळून खाणाऱ्याला आपण नेमकं काय खातो ते विचारावं लागतं. दारू, गांजा, खोकल्याचं पातळ औषध, 'बटन' म्हणजे नशेच्या गोळ्या, व्हाइटनर, सोल्युशन यांच्याही ओळी स्वतंत्र. हुंगण्याच्या पदार्थांकडे विशेष लक्ष हवं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यसनांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हा एकच गट असा निघाला ज्यात १० ते १७ वयाच्या मुलांचं प्रमाण (१.१७ टक्के) मोठ्यांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त होतं. काळ ठरावीक असावा: गेल्या ३० दिवसांत, किती दिवशी.

यादीत एक खोटा पदार्थ घालावा. युरोपातल्या शालेय सर्वेक्षणांत 'रेलेव्हिन' हे न असलेलं नाव याच कामासाठी वापरतात. त्यावर 'होय' म्हणणाऱ्यांच्या बाकीच्या उत्तरांवर भिस्त ठेवू नये. दोन फेऱ्या असतील तर 'आधी कधीतरी घेतलं' म्हणून नंतर 'कधीच नाही' म्हणणारी मुलं किती, तेही मोजावं. हे प्रमाण प्रत्येक वर्गाचं वेगळं येतं आणि त्यावरून त्या वर्गात उत्तरं देताना कोण जवळ उभं होतं याचा अंदाज लागतो.

लाळेतल्या कोटिनिनची, म्हणजे निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या द्रव्याची, तपासणी हा पक्का पुरावा मानून काही जण निश्चिंत होतात. कोटिनिन निम्म्यावर यायला १६ ते २० तास लागतात. तीन-चार दिवसांपूर्वी खाल्लेल्याचा माग बहुतेक राहत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशीच खाणारा मुलगा सुटतो. नुसती सुपारी, व्हाइटनर, गोळ्या यांचा त्यात पत्ताही लागत नाही. थोड्या मुलांवर, वेगळी संमती घेऊन, लपवणाऱ्यांचं प्रमाण काढायला ही तपासणी ठीक. 'तपासणी होणार आहे' अशी खोटी भीती घालून खरं वदवून घेण्याची युक्ती मात्र समितीने मान्य करू नये.

वर्गात कागद भरताना शिक्षक बाहेर असावेत, शिपाईही. तिघांच्या बाकावर एकच मूल बसवावं, त्यासाठी वर्ग दोन हप्त्यांत घ्यावा लागला तरी चालेल. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावेत, कारण आठवीतही अडखळत वाचणारी मुलं असतात आणि ती शेजाऱ्याचं बघून खूण करतात. कागद मुलाने स्वतः पाकिटात घालून चिकटवावा. पालकांच्या संमतीपत्रावर सांकेतिक क्रमांक नसावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १२ ते १८ वयाच्या मुलाचा स्वतःचा लेखी होकार लागतो, पालकांची सही त्याची जागा घेत नाही. जाळ्याच्या अभ्यासात आणखी एक पेच आहे: ज्याने होकार दिला नाही त्याचं नाव बाकीचे लिहितातच. अशा मुलाचं नाव यादीतच छापू नये. जाळं अपुरं राहील, राहू द्यावं.

फोनवरून मिळणाऱ्या माहितीबद्दल थोडक्यात. इन्स्टाग्रामवर कोण कुणाला फॉलो करतं, यावरून मैत्री मोजू नये. एकाच मुलाची दोन-तीन खाती असतात, फोन भावाचा किंवा वडिलांचा असतो, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळेच असल्याने तिथून काहीच वेगळं कळत नाही. शिवाय २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालकच आहे.

शाळाबाह्य मुलांसाठी कूपन देऊन ओळखीतून ओळख शोधण्याची, डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत वापरली जाते. तिथे सगळं वजन एका प्रश्नावर उभं असतं: 'अशा किती जणांना तू ओळखतोस?' जास्त ओळखी असलेला अभ्यासात सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याच्या उत्तराचं वजन कमी धरतात. दोन म्हणणाऱ्याला वीस म्हणणाऱ्याच्या दहापट वजन मिळतं, आणि पोरं पाच, दहा, वीस असे ढोबळ आकडे सांगतात. गेल्या आठवड्यात त्यातले किती भेटले, हे विचारून आकडा ताडावा. अल्पवयीन मुलांना कूपनमागे पैसे देऊ नयेत.

शिक्षणाधिकाऱ्यांना एक वेगळी विनंती. अभ्यास संपला की मुख्याध्यापक आणि कधी कधी वरचं कार्यालयही म्हणतं, 'ती पोरं कोण तेवढं सांगा.' नावं काढून टाकलेलं चित्रही देऊ नये. चाळीस जणांच्या वर्गात कोपऱ्यात एकटा असलेला ठिपका कोणता आणि तिघींचा सुटा गट कोणता, हे वर्गशिक्षकाला नजर टाकताच ओळखू येतं. वर दिलेल्या हिशेबात ज्या सहा जणांवर लाल रंग होता, त्यातले दोघं काहीच खात नव्हते. बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ७७ मध्ये शिक्षा आहे ती मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला, सात वर्षांपर्यंत. तंबाखू नियंत्रण कायदा, २००३च्या कलम ६ नुसार शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, विक्रीच चालत नाही. टपरी फाटकापासून किती अंतरावर आहे हे मोजायला मैत्रीचा नकाशा लागत नाही, टेप लागते. 'शेवटची पुडी कुठून घेतली?' या प्रश्नाचं उत्तर पोरं मित्रांच्या नावापेक्षा मोकळेपणाने देतात, आणि ठिकाणाचं नाव दिल्याने वर्गातल्या कुणावर बोट उठत नाही.

समित्यांकडे मागणी अशी. मंजुरीच्या वेळीच एक कोष्टक बंधनकारक करावं: प्रत्येक वर्गाची हजेरी, न जुळलेल्या नावांचं प्रमाण, शेवटची ओळ भरणाऱ्यांचं प्रमाण, दोन आठवड्यांनंतरचा कप्पा आणि जॅकार्ड, दुतर्फी मैत्रीचं प्रमाण आणि ते किती जोड्यांवरून काढलं, खोट्या पदार्थावर 'होय' म्हणणारे, उत्तर फिरवणारे, आणि शाळेबाहेरच्या सोबत्यांचा वाटा. हे कोष्टक परिशिष्टात न ढकलता निकालांच्या पहिल्या पानावर यावं. नावं आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी शाळेत किंवा जिल्ह्यात न ठेवता दुसऱ्या संस्थेकडे मोहोरबंद असावी, आणि शेवटची फेरी जुळवून झाल्यावर ती नष्ट केल्याचं लेखी पत्र समितीने मागून घ्यावं.

कळावे,
शालेय आरोग्य सर्वेक्षण, संख्याशास्त्र आणि किशोर समुपदेशन या कामांतले आम्ही काही जण, मराठवाडा